ताईचा रोडग्यांचा नवस

आमच्या घरात गोड बोलणाऱ्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही. माझे वडील नुसतं पाणी मागायचे, तरी गल्लीतल्या नव्या भाडेकरूला वाटायचं की यांच्याकडे काहीतरी बिनसलं. आई त्याच पट्टीत उत्तर द्यायची. ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिनं मला कडेवर खेळवलं, बोट धरून शाळेत पोचवलं, आणि या सगळ्या काळात ती माझ्यावर अखंड ओरडत होती. मला बोलता यायला लागलं तसा मीही तिच्यावर ओरडायला लागलो. 'बह्याड' हा आमच्या वऱ्हाडीतला शब्द. अर्थ वेडा, खुळा. पण आमच्याकडे तो जवळजवळ हाक मारायलाच वापरत. ताईनं एखादा दिवस मला बह्याड म्हटलं नाही, तर मला वाटायचं हिला ताप आला असावा.

हे आधी सांगून ठेवतो, कारण ते ठाऊक नसेल तर ताई पुढे जे वागली ते कोणालाही निष्ठुरपणाचं वाटेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

दारव्ह्याला बाजाराच्या रस्त्यावर माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. कपाशी आणि सोयाबीनच्या हंगामात मला जेवायला फुरसत नसते. कोणाची बॅटरी चार्ज होत नाही, कोणाचं नोझल बुजलेलं, कोणाची नळी उंदरानं कुरतडलेली. लोक पंप पाठीवरून उतरवतात, माझ्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "पाहा बरं याले काय झालं." जसं लेकराला डॉक्टरकडे आणावं. मी पाहतो, दुरुस्त करतो, आणि आधी त्या माणसाला चार शब्द सुनावतो. पंप धुऊन ठेवत नाहीत, उन्हात टाकतात, तणनाशकाचा आणि औषधाचा एकच पंप वापरतात. माझ्याकडे पंप आणायचा म्हणजे बोलणी खावी लागतात हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी येतात. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

मधली काही वर्षं मात्र हे दुकान नावालाच उघडं होतं. मी गोळ्यांवर होतो. कंबर धरली म्हणून घेतलेल्या गोळ्या कंबर बरी झाल्यावरही सुटल्या नाहीत, मग त्यांच्या जोडीला खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या. त्या काळाचं रसभरीत वर्णन मी करणार नाही. लोकांना ते ऐकायला फार आवडतं, हे मी पाहिलं आहे. पण नशेत सांगण्यासारखं काही नसतं. सगळ्यांच्या नशा सारख्याच, कंटाळवाण्या. माणूस बरा होतो तिथून गोष्ट वेगळी व्हायला लागते.

एकच सांगतो, कारण ते इथे लागणार आहे. गोळ्यांनी माझी जीभ गोड केली. माझा राग पार नाहीसा झाला. मी ओरडायचा थांबलो. ताई राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, तिच्याकडे गेलो की मी म्हणायचो, "ताई, तू जेवली का? ताई, तू किती खपतं वं. तुह्यासारखी बहीण कोनाले भेटत नाई." पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले. दुसऱ्यांदा ती माझ्याकडे नीट पाहू लागली. नंतर नंतर माझ्या तोंडून 'ताई' हा शब्द मऊ निघाला की ती हातातलं काम ठेवायची आणि कपाटाची किल्ली कुठे आहे ते चाचपायची. तिचं चुकत नव्हतं.

मग एक दिवस बायकोनं आणि भाटव्यांनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, मला यवतमाळजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन घातलं. ताई आली नाही. ती त्या दिवशी तिच्या गावच्या टेकडीवर महादेवाच्या देवळात गेली आणि तिनं रोडग्यांचा नवस केला. हे मला बायकोनं केंद्रात भेटायला आली तेव्हा सांगितलं. रोडगे म्हणजे जाड दळलेल्या कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडून त्यावर तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आमच्याकडे एखादी मोठी गोष्ट पार पडली की देवाला रोडगे देतात आणि नात्यातल्यांना, गाववाल्यांना बोलावून जेवू घालतात. चुलीचं काम बायकांचं असेल, पण रोडग्यांचा विस्तव पुरुषांचा.

"काय बोलल्या नवस?" मी बायकोला विचारलं.

"तुम्ही पहिल्यासारखे झाले की रोडगे देईन म्हटलं त्यायनं."

म्हणजे माझं सुटलं की रोडगे, असा मी त्याचा अर्थ घेतला. कोणीही हाच घेतला असता.

केंद्रातले एक सर आम्हाला बोलायला शिकवायचे. हे विचित्र वाटेल, पण ते खरंच शिकवावं लागतं. ते म्हणायचे, राग आला की आधी पाणी प्या. समोरच्याला दोष देऊ नका, 'मला असं वाटतं की' असं म्हणून वाक्य सुरू करा. आवाज खाली ठेवा. आमच्या खोलीतले एक जण रागाच्या भरात घरातली भांडी अंगणात फेकायचे आणि मग त्या पश्चात्तापात पुन्हा प्यायचे. त्यांच्यासाठी हे शिक्षण म्हणजे जीव वाचवणारं होतं, आणि ते वाचले. मी सरांना नावं ठेवत नाही. मी फक्त चांगला विद्यार्थी निघालो. मी ती वाक्यं जशीच्या तशी पाठ केली, सरांच्या पुस्तकी मराठीत. मले, तुले सोडून मला, तुला.

घरी आल्यावर मी त्याच भाषेत बोलायला लागलो. बायकोनं भाजीत मीठ जास्त टाकलं तर पूर्वी मी ताट सरकवलं असतं आणि तिनंही मला दोन सुनावल्या असत्या. आता मी पाणी पिऊन म्हणालो, "मला असं वाटतं की आज मीठ थोडं अधिक झालं आहे."

"तुम्ही बोलले की घरात बातम्या लागल्यावानी वाटते," ती म्हणाली. पण बायको माझ्यासोबत चोवीस तास होती. माझी झोप, माझी भूक, माझे हात कापायचे कसे थांबले, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचा विश्वास बसायला बातम्यांची भाषा आड आली नाही. ताईचं तसं नव्हतं. तिला मी सणावारी दिसायचो, आणि दिसायचो तेव्हा बोलायचो.

आल्यावर पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तो दिवस मला आठवतो. मी सफरचंदं नेली होती. अंगणात खुर्ची टाकून बसलो आणि म्हणालो, "ताई, तुझी तब्येत कशी आहे? मला असं वाटतं की तू स्वतःकडे लक्ष द्यायला हवं."

ती जवळ आली, उजेडाकडे माझं तोंड फिरवलं आणि माझ्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. मग आत गेली. चहा पाठवला, तो भाटव्यांच्या हातून.

नवस फेडायची गोष्ट त्या वर्षी निघाली. भाटवेच म्हणाले, "आता रोडगे करून टाकू." ताई म्हणाली, गोवऱ्या ओल्या आहेत. पुढच्या वर्षी निघाली तेव्हा तिच्या जावेच्या घरी सुतक होतं. त्याच्या पुढच्या वर्षी तिनं कारणही दिलं नाही. "होईन," म्हणाली आणि उठून गेली. नातेवाईक मला लग्नाकार्यात भेटले की विचारायचे, "काय मग, रोडगे कधी?" विचारताना ते माझ्या हाताकडे, डोळ्यांकडे पाहायचे. कारण सगळ्यांना हिशेब कळत होता. बहिणीनं नवस फेडला नाही, म्हणजे बहिणीला अजून खात्री नाही. आणि बहिणीला खात्री नाही, तर इतरांनी कशाला ठेवावी?

या काळात मी दुःखी होतो असं मात्र कोणी समजू नये. मी सुखी होतो, आणि आहे. हे मी ठासून सांगतो, कारण सुटलेला माणूस नेहमी तोंड पाडून, जुन्या दिवसांची टोचणी घेऊन फिरतो अशी लोकांची समजूत असते. आठवड्याला एकदा मी यवतमाळला सुटू पाहणाऱ्यांच्या बैठकीला जातो. नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो, "आता जन्मभर असंच कोरडं राहायचं?" मी म्हणतो, कोरडं कोणी सांगितलं? मला सकाळी कडकडून भूक लागते. ज्वारीची भाकर आणि ठेचा खाताना मला नाकातून पाणी येईपर्यंत चव कळते; गोळ्यांच्या काळात मी काय खाल्लं ते मला आठवतच नाही. दुपारी दुकानात बंद पडलेला पंप उघडावा, वॉशर बदलावा, टाकीत साधं पाणी भरावं आणि खटका दाबावा. नोझलमधून बारीक, सारखा फवारा सुटतो, उन्हात त्यात रंग दिसतात, आणि पंपवाल्याचं तोंड उजळतं. दिवसातून कित्येकदा मला हे बघायला मिळतं. हे सुख कमी आहे असं म्हणणाऱ्याशी मी भांडायला तयार आहे.

पण ताईचा नवस माझ्या डोक्यातून जात नव्हता. जिनं मला वाढवलं तिनं एकदा लोकांसमोर म्हणावं, हा बरा झाला, एवढंच मला हवं होतं. बाकी जगानं मानलं काय, न मानलं काय.

म्हणून मी आणखी चांगला वागायला लागलो. इथेच माझी सगळी गंमत झाली. मला वाटलं, मी अजून कमी पडतो आहे. मी फोनवर आणखी हळू बोलू लागलो. तिच्या वाढदिवसाला साडी पाठवली; आमच्या घरात कोणाचा वाढदिवस कोणाला आठवतसुद्धा नाही. एकदा तर मी तिला म्हणालो, "ताई, तू नवस फेडला नाहीस तरी माझ्या मनात तुझ्याविषयी काहीही नाही." पलीकडून फोन बंद झाला. भाटव्यांनी नंतर सांगितलं, ती त्या दिवशी जेवली नाही.

बायको म्हणाली, "तुम्ही त्यायच्या मांगं लागू नका. जितकं लागान तितक्या त्या दूर जातीन."

"मग मी काय करू?" मी शांतपणे, सरांच्या आवाजात विचारलं.

"मले काय माहीत. पन हे असं नका करू."

गेल्या पावसाळ्यात, पोळा होऊन गेल्यावर, मी सहज ताईकडे गेलो. सहज म्हणजे राळेगावला पंपाचे सुटे भाग द्यायचे होते, तिथून तिचं गाव जवळ. घरी कोणी नव्हतं. घरामागेच त्यांचं वावर आहे, तिथे ताई आणि भाटवे कपाशीच्या तासात वाकून काहीतरी बघत होते. मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, उतरलो आणि पहिल्याच ओळीत थांबलो.

कपाशीची वरची कोवळी पानं बोटांसारखी चिरलेली, आकसलेली होती. शिरा वर आलेल्या. विहिरीकडच्या काही ओळी सगळ्या तशाच.

"काय झालं हे?" मी विचारलं. आवाज अजून खालीच होता.

"रोग आला म्हनते," ताई म्हणाली. "पुन्हा औषध मारलं, तं अजूनच वाढला."

मी एक पान तोडून हातात घेतलं. हा रोग नव्हता. असली पानं मला दरवर्षी कोणी ना कोणी दुकानात आणून दाखवतो. तणनाशक मारलेल्या पंपानं कपाशीवर फवारलं की असं होतं.

"कोन्या पंपानं मारलं?" मी विचारलं. मराठी नकळत बदलली होती, ते माझ्याही लक्षात आलं नाही.

"शेजारच्यायचा आनला होता. आपला बंद पडला ना."

"कधी बंद पडला?"

"झाला असन महिना."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

ताई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तुले कायले तरास द्याचा, म्हटलं. तू आपला तब्येतीनं राह्य."

पाणी प्यायला हवं होतं. पाण्याची बाटली माझ्या पिशवीतच होती. मी पिशवी धुऱ्यावर फेकली.

"तब्येतीनं राहू? माह्या तब्येतीले काय झालं? साऱ्या तालुक्याचे पंप मी करून राह्यलो, अन् माह्या सख्ख्या बहिनीच्या घरी मांगून आनलेला पंप? तोंडात काय दगड होता का तुह्या, एक फोन कराले? अन् शेजारच्यानं त्यात पहिले काय भरलं होतं, इचारलं का? तणनाशक भरलं होतं. वास तरी घ्याचा. बह्याड झाली का तू?"

भाटवे सरळ उभे राहिले. ताईनं पदर कमरेला खोचला.

"कोनाले बह्याड म्हनून राह्यला बे?" ती म्हणाली. "धुतला होता मी पंप. चांगला पान्यानं धुतला."

"नुसत्या पान्यानं जाते का ते? सोड्याचं पानी लागते. नळी, नोझल, सारं खोलून धुवा लागते. इतके वर्सं पंपवाल्याची बहीन हायेस, अन् एवढं माहीत नाई?"

"कसं माहीत राहीन? तू सांगितलं का कधी? येतं, सफरचंद ठेवतं, 'तुझी तब्येत कशी आहे' इचारतं, अन् निघून जातं. भाऊ हायेस का मतं मांगाले आलेला पुढारी हायेस?"

"मंग काय करू? तुह्यासाठीच तं चांगला वागून राह्यलो."

"कोनी सांगितलं तुले चांगलं वागाले?"

शेजारच्या वावरातले लोक काम थांबवून बघू लागले. ज्यांचा पंप आणला होता ते गृहस्थही त्यांत होते, ते हळूच मागच्या मागे निघून गेले. भाटवे घाबरले. ते पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि मला म्हणाले, "तुम्ही तान नका घेऊ, भाऊ. तुमच्या तब्येतीले..."

"तुम्ही चूप बसा," मी आणि ताई एकदमच म्हणालो.

आम्ही किती वेळ भांडलो ते मला माहीत नाही. कपाशीवरून सुरू झालं ते माझ्या लग्नात ताईला मानाचं पातळ हलक्या रंगाचं दिलं तिथवर गेलं. लहानपणी तिनं माझा भोवरा विहिरीत टाकला होता, ते मी उकरून काढलं. तो भोवरा मी तिच्या कपाळावर मारला होता, ते तिनं काढलं. माझा घसा बसला. मला घाम फुटला होता आणि, काय सांगू, मला फार बरं वाटत होतं. कित्येक वर्षांनी माझ्या छातीतून पूर्ण आवाज निघत होता.

मी पुढचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि ताई मधेच थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली. या वेळी बाहुल्या बघायला जवळ आली नाही. आहे तिथेच, चिखलात, धुऱ्याच्या कडेला बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. रडता रडता हसत होती की हसता हसता रडत होती, मला कळेना.

"काय झालं आता?" मी ओरडूनच विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली. "आला बे तू."

मी तिच्याजवळ बसलो. भाटव्यांनी तो तांब्या शेवटी आमच्या दोघांमध्ये ठेवला. मग ताईनं मला सांगितलं. ती सावकाश बोलत होती, कारण तिचाही घसा गेला होता.

"मी महादेवाले याचं सुटू दे असं म्हटलंच नव्हतं. पहिल्यासारखा कर म्हटलं होतं. तुह्यं सुटलं, ते मले सारे सांगत होते. तुह्या बायकोनं सांगितलं, यायनं सांगितलं. पन तू आला अन् ताई, ताई करत गोड बोलला, की माहा हात कपाटाच्या किल्लीवर जाये. त्या दिवसांत असाच तं बोले तू. मले वाटे, आता हा काहीतरी मांगन. तू मांगत नव्हता तं अजूनच भेव वाटे. खोटं कसं बोलू मी देवापुढं? माहा भाऊ असा नव्हता. माहा भाऊ तोंडाचा फाटका होता."

मी इतकी वर्षं तिच्यासाठी ज्या माणसाला घडवत होतो, त्याच माणसाला ती घाबरत होती. तिला हवा होता तो माझ्यातच होता, आणि मीच त्याला पाणी पाजून पाजून गप्प बसवत होतो. मला तिची दया आली, माझी आली, आणि मग हसू आलं. आम्ही तिथे बसून बराच वेळ हसलो. त्यानंतर मी तिच्या घरी जाऊन बंद पडलेला पंप उघडला. चार्जिंगची वायर सुटली होती, बाकी त्याला काही झालं नव्हतं. चिरलेली कपाशी काही ओळींपुरती होती. तिला पुढे नवी पालवी बरी आली, पण बोंडांच्या बाबतीत ती मागेच राहिली आणि ताई अजून त्याचं खापर शेजाऱ्यावर फोडते.

बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा केंद्रातले सर पोट धरून हसले. म्हणाले, "बरोबर आहे. तुम्हाला राग कमी करायचा नव्हता, तुम्हाला तो परत मिळवायचा होता. हे मला तेव्हा ओळखता आलं नाही." मी म्हणालो, "मला असं वाटतं की तुमचं काही चुकलं नाही." सगळे हसले. नव्यांना मी आता सांगतो, नशा गेल्यावर देवमाणूस व्हायला जाऊ नका. आधी तुमचा जो काही बरावाईट माणूस होता, त्याला शोधून आणा. सुधारणा नंतर करता येते.

दसरा झाला, पाऊस पूर्ण उघडला, तेव्हा टेकडीवर रोडगे झाले. ताईनं सगळ्या नातेवाइकांना स्वतः फोन केले. विस्तव माझ्याकडे होता. गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, जाळ बसून लाल निखारा झाला तेव्हा त्यात रोडगे सोडले. ताई सारखी माझ्या मागे उभी. "लवकर पलटवून राह्यला तू. कच्चे राहतीन आतून." मी म्हणालो, "तुले येते तं तूच बस अठी." बायको वांग्याच्या भाजीच्या मोठ्या पातेल्याजवळून हे ऐकत होती. ती भाटव्यांना म्हणाली, "आता झाले हे पहिल्यासारखे. आता मीच कुठं नवस करू?"

राख झटकून, फडक्यानं पुसून रोडगे पराती भरून ठेवले. पहिले देवाचे. ताईनं ताट वाढलं, तूप सोडलं आणि मला हाताला धरून गाभाऱ्यात नेलं. मागे उंबऱ्याबाहेर सगळी माणसं उभी. ताईला मनातल्या मनात प्रार्थना करता येत नाही, ती देवाशीही मोठ्यानंच बोलते. त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"देवा, हे घे तुहे रोडगे," ती म्हणाली. "माहा भाऊ पहिल्यासारखा झाला. मी पाह्यलं, आयकलं, खात्री केली, मंगच आली. उशीर झाला तं राग मानू नको."

तिनं डोकं टेकवलं. उठताना माझ्याकडे पाहिलं आणि तिला काहीतरी आठवलं असावं. ती पुन्हा देवाकडे वळली.

"आता एक कर. याचा राग तेवढा जरासा कमी..." आणि ती थांबली. माझा हात तिनं अजून सोडला नव्हता.

"नाई, राहू दे," ती म्हणाली. "काई करू नको. असाच राहू दे."